कॅथोड तापेपर्यंत

रेडिओ लावला की आधी काहीच होत नसे.
दौलतगंजातल्या त्या चिंचोळ्या दुकानात
खिरवडकर बटण फिरवत
आणि गिऱ्हाइकाकडे न बघता म्हणत,
जरा सबर करा, आत लोक उठताहेत.

वीस सेकंद. पंचवीस. जुन्या सेटला चाळीस.
काचेच्या बाटलीत तार लालसर व्हायची,
तिच्यावरची पांढरा लेप दिलेली नळी
दूध तापावं तशी तापायची,
काठाशी आधी नुसती थरथर.

मी सोळाचा. लूमध्ये हिंडू नये म्हणून
आईने तिथे बसवलेला.
कथलाचा धूर नाकात, आणि त्यांचं बोलणं कानात:

"बाहेर पडणं फुकट नसतं.
आतले सगळे धावतच असतात, पुसाच्या थंडीतसुद्धा.
कडेला आले की धातू मागे ओढतो.
ज्याचा त्याचा भाव.
टंग्स्टन साडेचार मागतं,
हा बेरियमचा लेप दीडच्या आतच सोडतो."
साडेचार कशाचे, मी विचारलं नाही.
रुपये नव्हेत, एवढं कळलं.

मग समोरच्या कलुआ न्हाव्याच्या आरशापुढे
मला उभं केलं, रस्त्यातच.
"मागे सरक. अजून. बघ, तोही सरकला.
सुटलेल्याचा असाच एक जोडीदार धातूच्या आत उभा राहतो,
उलट्या खुणेचा.
हा जेवढा बाहेर, तो तेवढाच खोल.
तोच ओढतो."
सायकलवाल्याने घंटी मारली. मी बाजूला झालो.
आरशात फक्त दाढीचा फेस राहिला.

आणि जे सुटतात, तेही लांब जात नाहीत.
दारातच घोळका करतात,
मागून येणाऱ्याला पुन्हा आत लोटतात.
खिरवडकरांचा थोरला भाऊ जबलपूरला पोस्टात होता,
दर दिवाळीला लिहायचा,
इकडे येऊ नका, जागा नाही.
ते पत्र ते प्लायर्सखाली दाबून ठेवत.

घोळका फोडायला पलीकडून हाक लागते,
अडीचशे व्होल्टची.
आणि मध्ये काहीच नसावं लागतं.
हवेचा एक घोट आत शिरला
की डोक्यावरचा चांदीचा डाग दुधी होतो.
तशी बाटली ते उजेडात धरत,
"गेली" म्हणत, आणि चहा मागवत.

काही मात्र गेलेल्या नसत.
डाग लख्ख, तार लाल,
फक्त निघायला आत कोणी उरलेलं नसे.
त्यांच्या खोक्यावर निळ्या पेन्सिलीने लिहीत:
रिकामी.
खराब असं कधी नाही.

एकदा मी विचारलंच,
पलीकडे पोचले की मग कुठे जातात?
"प्लेटवर आपटतात. तिला तापवतात.
मग तारेतून, ट्रान्सफॉर्मरातून,
वळसा घालून पुन्हा इथेच."
त्यांनी नखाने नळीवर टिचकी मारली.

मग सुटले कुठे?

बशीत फुंकर घालत ते हसले,
उत्तर देणार होते बहुतेक,
तेवढ्यात चाळीस सेकंद भरले
आणि खरखरत, मधूनच,
भिंडच्या मंडीतला मोहरीचा भाव सुरू झाला.