एक बादली गरम पाणी

सोन-कुलच्या काठावर झाड नाही.
हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं,
किंवा सांगितलं असेल, मी फोटो बघत असेन.

तळं, भोवती गवत,
गवतात घोडे,
घोड्यांच्या पलीकडे पुन्हा गवत.
कोचकोरहून दीड दिवस खोगिरावर बसून
माझ्या मांड्यांनी बोलणं टाकलं होतं.
बुरुल्कान अपाच्या नमद्याच्या तंबूत शिरले
आणि चहाच्या आधी खुणेनं विचारलं,
अंघोळीला गरम पाणी?

अपा हो म्हणाली नाही. नाहीही म्हणाली नाही.
तिची नात जिपार पोतं उचलून बाहेर पडली.

मी मागोमाग गेले. हातात कॅमेरा होताच.
जिपार उतारावरून वाळलं शेण वेचत होती.
प्रत्येक उलटून बघायची,
खालून ओलं असेल तर
ओली बाजू उन्हाकडे करून तिथंच ठेवायची,
परवा येईन म्हणल्यासारखी.
म्हटलं, गोवरी.
ती म्हणाली, तेझेक.
दोघींनी एकमेकींचा शब्द
एकदा चावून पाहिला.

बादलीभर पाण्याला चौदा लागल्या.
मोजायला नको होत्या.
एकदा मोजलं की तांब्यातून
पाणी पडत नाही अंगावर.
रात्री त्याच चुलीवर
सगळ्या घराचं दूध तापलं,
सहा गोवऱ्यांत.

दुसऱ्या दिवशी मी शहाणी झाले.
नको म्हटलं पाणी, मोठ्या मनानं,
आणि ओल्या रुमालांचं पाकीट फोडलं,
लिंबाच्या वासाचं.
मान, काखा, पाय, पाच रुमाल.
मग हातात तो ओला बोळा घेऊन
तंबूभोवती दोन चकरा मारल्या.
एसेनबेकनं बघितलं.
मागच्या बाजूला नेऊन एक गोणी दाखवली:
पाण्याच्या बाटल्या, बॅटऱ्या,
कुणाची तरी फाटलेली चप्पल,
बिस्किटांचे चकचकीत कागद.
बोटांनी घोडा करून दाखवला, मग खाली, मग खाली.
सप्टेंबरात कळप उतरतील
तेव्हा गोणीही उतरेल,
त्यांच्याच घोड्यावर.
शेण इथं सरपण होतं.
माझा लिंबाचा वास
कुणाच्याच चुलीत जाणार नव्हता.
मी बोळा खिशात ठेवला. खिसा ओला झाला.

रात्री झोप येईना.
बिश्केकच्या कंपनीला मी किती दिले होते,
त्यातले अपापर्यंत किती आले,
हे विचारायला मला तिची भाषा येत नव्हती.
कंपनीला विचारायला येत होती,
तेव्हा विचारलं नाही.
आणि ज्या विमानानं आले
त्यात किती गोवऱ्या जळल्या असतील?
तिथं पोतं घेऊन
कुणी बाहेर पडताना दिसलं नाही,
म्हणून मीही मोजल्या नाहीत.

पहाटे जिपारच्या आधी उठून
तिचं पोतं घेऊन निघाले.
गवतावर दहिवर, बोटं बधिर,
एक घोडी मान वर करून
माझ्याकडे परीक्षकासारखी बघत राहिली.
वीसेक गोळा केल्या, घाम आला,
फार बरं वाटलं स्वतःबद्दल.

जिपार आली. पोतं पालथं केलं.
एकेक उलटून, अंगठ्यानं दाबून,
नऊ बाजूला काढल्या.
रागावली नाही. माझा हात धरून
मला परत उतारावर नेलं
आणि त्या नऊ
जिथून उचलल्या होत्या साधारण तिथं
ओली बाजू वर करून
माझ्याकडूनच ठेवून घेतल्या.

मग कॅमेरा मागितला. माझाच फोटो काढला.
त्यात मी कमरेपासून खाली आहे,
पोतं आहे, तळ्याचा एक तुकडा आहे.

चौदा घेतल्या, अकरा दिल्या.
निघताना गोणीतल्या बाटल्या चेपून
मावतील तितक्या पिशवीत भरल्या.
सगळ्या मावल्या नाहीत.
चप्पल राहिलीच.