शिसपेन्सिलीचा तक्ता

मेट्रन फेलिसिता बायुओ ड्युटीचा तक्ता
आता पेनाने लिहीत नाही.
पेनाने लिहिलेली माणसं खोडावी लागतात,
आणि खोडाखोडीने कागद आजारी दिसतो.
शिसपेन्सिलीचं बरं असतं.
रबर फिरवला, फुंकर मारली
की व्हिडा कुउसाना, सुईण, अनुभव अकरा वर्षं,
टेबलाखाली.

मी रेकॉर्ड रूमचा कारकून.
घानाच्या या वायव्य कोपऱ्यातून, काळ्या व्होल्टेच्या काठावरून,
दर पाच तारखेला प्रादेशिक कचेरीला आकडे पाठवतो:
मंजूर पदे एकवीस. भरलेली आठ.
उरलेल्यांसाठी एक शब्द आहे, रिक्त.
तो इतक्यांदा लिहिलाय
की मला ते कुणाचं तरी आडनाव वाटायला लागलंय.
श्रीमती रिक्त, दिवसपाळी.
श्रीमती रिक्त, रात्रपाळी.
बाई कधी रजा मागत नाहीत.

डॉक्टर: एक.
हा एक गुरुवारी पलीकडच्या जिल्ह्याचाही एक असतो,
म्हणून राजधानीत आमची बेरीज दोन होते.

जानेवारीतली ती रात्र. हरमाटनची धूळ
दातांत कचकचत होती, वीज नव्हती,
तिघी जणी कळा देत होत्या आणि सुईण एकटी, अगाथा.
तिने फाटकावरच्या पहारेकऱ्याला हाक मारली.
प्रॉस्पर डेरी. आमच्याकडे हे नाव
जाऊन परत आलेल्या मुलाचं असतं.
(आमच्या इस्पितळात परत आलेला तेवढा तोच.)
तिने त्याला सलाईनची नळी दाखवली, म्हणाली,
मिनिटाला तीस. कमी नाही, जास्त नाही.
त्याने टॉर्च बगलेत धरला, घड्याळ डोळ्यांपाशी,
आणि मोठ्याने मोजायला लागला,
मळणीच्या वेळी टोपल्या मोजतात तसा.
भिंतीपलीकडे मला पहाटेपर्यंत ऐकू येत होतं.
मध्ये एक बाळ रडलं. बऱ्याच वेळाने दुसरं.
तिसरीचं इथे लिहीत नाही.
त्याचं रजिस्टर वेगळं आहे.

व्हिडाचा निरोप आला, लीड्सहून, आवाजातला.
म्हणाली, इथे तक्ता पांढऱ्या फळ्यावर असतो,
नावं लोहचुंबकाची, उचलायची, सरकवायची.
म्हणाली, काल पाच जणींचा वॉर्ड आम्ही तिघींनी ओढला.
मग थोडी थांबली.
फेलिसिताला सांगू नकोस, म्हणाली,
तिला वाटतं, निदान इथे तरी मी पुरते आहे.

मी सांगितलं नाही.
मेट्रन तेव्हा पेन्सिलीला टोक काढत होत्या,
पेन्सिल करंगळीएवढी उरली होती.

पाच तारखेला तक्त्याच्या शेवटी,
शेरा नावाच्या अरुंद चौकटीत मी लिहिलं:
पहारेकरी डेरी थेंब मोजतो. बरोबर मोजतो.
कुठल्याही पदावर नाही.

कागद आठवड्याने परत आला, लाल शाईत सूचना:
सर्व रकाने फक्त अंकांत भरावेत.

भरला.
तीस.
मिनिटाला, हे लिहायला जागा नव्हती.