दरजा

सकाळी सातला परांचीवर चढते तेव्हा
ट्रेंट नदीवरचं धुकं गेन्सबरोच्या छपरांवरून उठलेलं नसतं.
ओल्डरशॉंच्या घराची उत्तरेकडची भिंत.
विटा इथल्याच नदीकाठच्या मातीच्या, मऊ, लालसर,
काही भट्टीच्या कडेला राहून अर्ध्याकच्च्या,
एकीवर कुणाच्या तरी अंगठ्याचा ठसा,
सव्वाशे वर्षं तसाच.

आणि सगळ्या दरजांमध्ये करडं, घट्ट सिमेंट.

विटांचे चेहरे गळून पडलेत.
नखाएवढ्या जाडीचे पापुद्रे
खाली रूबार्बच्या वाफ्यात पसरलेत.
सिमेंटला काही झालेलं नाही.
वीट मागे सरत गेली, ते जागेवरच,
भांडण जिंकून
घरात एकटंच उरलेल्या माणसासारखं.

मी ग्राइंडर वापरत नाही.
पातळ छिन्नी, हलकी हातोडी,
दरज जितकी रुंद त्याच्या दुप्पट खोल.
दिवसाला दीड चौरस मीटर झाला
की हात धुताना बोटं माझी वाटत नाहीत.

टोबायस नवा आहे, एकोणीस वर्षांचा. वरून ओरडला,
“कुठल्या गाढवानं भरलंय हे?”
खाली चहाचे दोन मग घेऊन उभे असलेले
क्लिफर्ड ओल्डरशॉ म्हणाले, “मी.”

शहात्तरचा उन्हाळा. दर रविवारी.
शिडी उसनी, धाकटा भाऊ लान्स ती धरून.
पोरीच्या छातीत घरघर होती,
डॉक्टर म्हणाले, घरात ओल आहे.
“म्हटलं, अशी भरतो की थेंब आत शिरणार नाही.”
मग मगाच्या कडेकडे बघत,
“शिरायचा तो शिरलाच.
बाहेर पडायची वाट तेवढी मी बुजवली.”

पुढे दर हिवाळ्यात तिच्या पलंगामागची काळी बुरशी
ते ब्लीचनं घासत राहिले. बावीस हिवाळे.
ती आता स्पेनमध्ये असते, कोरड्या हवेत,
रविवारी फोन करते.
टोबायस बराच वेळ एकाच विटेवर ब्रश फिरवत राहिला.

शेजारच्या मिसेस ग्रंडी कुंपणावरून सांगतात,
सिमेंटवाला निम्म्या पैशात करून देत होता,
या बाईनं म्हाताऱ्याला चुना लावला.
लावला. तीन भाग रेती, एक भाग चुना,
पाणी इतकं कमी की मुठीत गोळा व्हावा
आणि मूठ उघडली तरी तसाच राहावा.

आधी भिंत भिजवायची, नाहीतर तहानलेली वीट
चुन्यातलं सगळं पाणी पिऊन टाकते.
मग करणीच्या टोकानं आत, अगदी मागपर्यंत, दाबून.
विटेपेक्षा मऊ असावा, एवढंच बघायचं.
ओल त्याच्यातून येईल-जाईल, मीठ त्याच्यात साठेल,
बर्फ फोडेल तर त्याला फोडेल.
शंभरेक वर्षांनी कुणीतरी तो छिन्नीनं उकरील
आणि वीट न दुखावता तो निघेल.
माझ्या कामाला मी एवढीच हमी देते,
ती बिलावर लिहिता येत नाही.

पावसाळी नळाच्या मागे, हात जेमतेम पोचतो तिथे,
एका दरजेत त्यांचं सिमेंट अजून आहे.
आजूबाजूच्या विटा का कोण जाणे, धड आहेत.
ती मी सोडून दिली. टोबायसलाही सांगितलं नाही.

संध्याकाळी भिंतीवर ओलं गोणपाट टाकलं.
चुन्याला घाई चालत नाही,
ऊन नको, वारा नको, आठवडाभर वाळू द्यायचा नाही.
पाणी मारायचं काम त्यांनी मागून घेतलं.
झारी घेऊन शिडीच्या दुसऱ्या पायरीवर
(तिसरीवर चढायची मी बंदी केली आहे)
ते रोज तीनदा उभे राहतात.

रविवारी मी विसरलेली बादली न्यायला गेले,
तर खिडकी उघडी, फोन चालू.
“ओली आहे,” ते तिला सांगत होते,
“छान ओली आहे. नाही गं, काळजीचं काही नाही,
ओलीच ठेवायची असते.”