मुद्देमाल क्रमांक चार

सत्तेचाळीस अंश.
भुसावळात या दिवसांत प्रोसेसरची बाजू कुणी घेऊ नये,
तरी लीलाधर झोपे घेतात.
शटर निम्मं खाली, कूलरच्या वाळ्याचा ओला वास,
आणि काकांचं ठरलेलं वाक्य :
जास्त कोअर, जास्त काम.
मुबारक तडवी हातातला पंखा फुंकतो, म्हणतो,
वीस बैल जुंपले म्हणून वखर वीसपट खोल जात नाही, काका.
गर्मी मात्र वीस बैलांची.

मी पेस्ट लावत असते.
दाण्याएवढी टाकावी की लोण्यासारखी पसरावी
यावरून या दुकानात दोन माणसांचं बोलणं बंद झालंय.
एक रेल्वेतून निवृत्त झाला.
दुसरा अजून रुसलेला आहे.

मग सावद्याची केस आली.

केळी पिकवायची खोली. दाराबाहेर हिरवी पेटी,
पेटीत प्रोग्राम, प्रोग्रामला कुलूप.
बिघडली तर कंपनीचा माणूस पुण्याहून येणार, सोमवारी.
आणि केळी काय, सोमवारची वाट बघतात?
दोन ट्रक माल काळा पडल्यावर
भूपेश फेगडेनं चिमटा लावून, चार तारा जोडून
पेटी काय बोलते ते तीन रात्री ऐकलं,
आणि सगळं नव्यानं लिहून गावभर वाटलं.
खाली एक ओळ :
घ्या, बदला, वाटा. बदलाल ते लपवू नका.

कंपनीची नोटीस इंग्रजीत, अकरा पानी.
मग फिर्याद, फौजदार, पंचनामा.
पेटी गेली.

अमळनेरचा ट्रकवाला स्टुलावर बसून विचारायचा,
'मशीन मनं शे, मंग कुलूप तुनं कसं?'
मुबारक म्हणायचा, भरीत कुणाच्या मालकीचं आहे?
वांगं बामणोदचं, काड्या शेतातल्या,
ठेचा ज्याच्या त्याच्या हाताचा.
मी म्हटलं, भरीत फुकट नसतं.
धुरात बसून भाजणारीला विचार.

काका तेव्हा कोअर विसरून म्हणाले,
माझा पोरगा हिंजवडीत हेच लिहितो.
रात्री दोनला दिवा चालू असतो त्याचा.
उद्या कुणी चिमटा घेऊन त्याच्या पेटीला कान लावला तर?

कूलरचा आवाज तेवढा राहिला.
मुबारकनं चहा सांगितला. काकांचा बिनसाखरेचा.

परवा कोर्टातून फोन :
मॅडम, संगणक सुरू होत नाही, आज बोर्ड मोठा आहे.
बोर्ड म्हणजे त्यांच्या तारखांची यादी.
मी मदरबोर्ड समजून
पिशवीत दोन टाकून गेले.

डबा उघडला. धुळीची गोधडी,
पालीच्या अंड्याची दोन टरफलं, पंखा जाम.
ब्रश मारला, पेस्ट लावली (दाण्याएवढी),
बटण दाबलं.
पडद्यावर उगवली तीच,
जी कुणीही उघडून बघावी, कुणीही बदलावी
म्हणून जगभरच्या अनोळखी लोकांनी लिहिलेली.
सरकारनंच बसवलेली.
कारकुनाला विचारलं, ही कुणाची?
म्हणाला, कोर्टाची.

मान वर केली तर कपाटावर हिरवी पेटी,
सुतळी, चिठ्ठी : मुद्देमाल क्रमांक चार.
लाख उन्हानं मऊ पडलेली.
नखानं निघाली असती.
मी हात पिशवीत घातले.

खालच्या यंत्रानं वरच्या पेटीला
पुढली तारीख दिली, सप्टेंबरातली.
कागद गरम बाहेर आला.

बिलावर काय लिहू?
कारकून म्हणाला, प्रोग्रामचे किती?
म्हटलं, प्रोग्रामचे नाहीत. धुळीचे साडेतीनशे.

काकांना हे अजून सांगितलेलं नाही.
ऐकतील सगळं, मान हलवतील,
आणि आधी विचारतील, कोअर किती होते?

दोन, काका.
दोनच.