रुमालाखाली

हातोदच्या बाजारात बोकडाचा भाव
तोंडाने सांगत नाहीत.
व्यापारी हातावर रुमाल टाकतो,
खाली बोटं बोटांशी बोलतात,
आख्खं बोट हजार, अर्धं पेर म्हणजे शंभराची कुरकुर,
आणि वर दोघंही आभाळ बघत उभे,
जणू काही चाललंच नाही.

आईने बेचाळीस वर्षं शेळ्या पाळल्या.
करडाचा कान धरून ताप सांगते,
लेंडीवरून जंत.
पण परक्या पुरुषाच्या रुमालाखाली
हात घालायचा कसा?
म्हणून कैरूमामा घालायचा.
रुमालाखाली काय ठरलं, मामाच्या खिशात काय राहिलं,
आईच्या पदरात किती पडलं,
ह्या तीन आकड्यांची
कधी गाठच पडली नाही.

यंदा मी ताणकाटा आणला.
इंदूरहून, सियागंजातून, साडेसहाशेला,
भंगारवाले वापरतात तसला.
युरियाच्या पोत्याची झोळी शिवली,
चार पायांना चार भोकं,
आणि बाजारातल्या लिंबाला टांगली.
पहिला चढला काळू.
चारी खूर अधांतरी, चेहरा असा
की शाळेत तपासणीला साहेब आलेत.
एकतीस किलो.
वहीत लिहिलं: काळू, अकरा महिने,
पीपीआरची लस वैशाखात, एकतीस.

भेरूसेठने पाठीला चिमटा घेऊन पाहिला.
"बाई, यो तो बाईस को बी नी हे."
मग काट्याकडे बघितलं. मग माझ्याकडे.
रुमाल खांद्यावरच राहिला,
आणि तो पुढच्या कळपाकडे निघून गेला.

सात बोकडं परत घरी.
टेम्पोचं भाडं अंगावर.
रात्री आई एवढंच म्हणाली,
"पाला तर रोज लागतोय त्यांना."
मला काट्याचा राग आला. वहीचाही.

पुढच्या शनिवारी भेरूसेठ गावातच आला,
स्वतःचा काटा घेऊन,
चकचकीत, लाल आकडे पेटणारा.
काळू: सव्वीस.
आठ दिवसांत पाच किलो झडला बिचारा!
सिंधूकाकू उठली,
घरातून आट्याची थैली आणली, दहा किलोची,
टाका न उसवलेली,
आणि न बोलता त्याच्या काट्याला अडकवली.
लाल आकडे आठ-चारवर थांबले.
भेरूसेठच हसला आधी,
"सेल उतरी ग्या हे."
"मग आमच्यावर घे," आई म्हणाली.

किलोला तीनशे साठ. सगळ्यांदेखत, उन्हात.
मामा लांब उभा राहून तंबाखू मळत होता.
मेंढ्यांची लोकर तशीच पडून आहे कोपऱ्यात,
ती आता फुकटही कुणी नेत नाही,
तिला तोलून काय करायचं.

टेम्पोत चढवताना आईने काळूचं दावं काढून घेतलं,
दावं विकत नसतात.
मी बेरीज करून वही पुढे धरली.
तिने बघितली नाही.
रिकाम्या झोळीत हात घातला,
तिथे अजून ऊब होती.
काटा दीड किलोवर थरथरला.
"हे कुणाच्या नावावर लिहितेस?" म्हणाली.