एकतीस भोपळे

उमदी मागं पडली आणि काटा लाल रेघेला टेकला.
तहसीननं ओम्नी कडेला घेतली,
पुढची सीट उचलून इंजिनाला वारा दाखवला,
म्हणाली, ही आता उजाडेपर्यंत ऐकायची नाही.

मला बरंच वाटलं.
दोन दिवसांची रजा, वॉर्डाचा वास अजून नाकात,
आणि समोर जतचा माळ :
चिल्लारीची चार झुडपं, कुसळं, मुरूम,
रस्ता पुढं जाऊन कुठंतरी सांडलेला.

मागं भोपळे होते. एकतीस.
मंगळवेढ्याकडच्या एका शेतातून आणलेले,
वाळून खडखडीत.
प्रत्येक भोपळा तहसीननं कानाशी धरून
बोटाच्या पेरानं वाजवून घेतलेला.
शेतकरी हसून म्हणाला होता,
बाई, कलिंगडं घ्यायला आलाय का?
मिरजेत आता त्यांची पोटं कापतील, गळे बसवतील,
कुणी तंबोरा होईल, कुणी सतार.
तोवर ते नुसतेच भोपळे,
आणि आम्हाला आडवं व्हायला जागा नाही.

मग एकेक बाहेर काढला.
ओढ्याच्या वरच्या अंगाला, सपाटीवर,
देठं वर करून मांडले.
तीन दगडांवर चहा ठेवला,
भाकरी, शेंगदाण्याची चटणी, एक कांदा बुक्कीनं फोडलेला.
अंधार पडला तो एकदम, कुणी पोतं टाकावं तसा.
लांब पवनचक्क्यांचे लाल दिवे
एका तालात उघडझाप करत होते,
आमच्या आयसीयूतल्या मशिनींसारखे,
फक्त इथं कुणी मरत नव्हतं.
चांदण्या मी मोजल्या नाहीत.
इतक्या असल्या की मोजायचं सुचत नाही,
पाठीखालचा खडा तेवढा कळत राहतो.

चंद्र वर आला तेव्हा कुत्री भुंकली.
बॅटरीचा झोत, खांद्यावर घोंगडं, हातात काठी.
‘कुठल्या वाड्याची ही?
माझी मेंढरं बसल्याती पलीकडं,
मिसळली तर निवडायची कुणी रात्रीची?’
आम्ही काही बोलायच्या आत
त्यानं पुढच्या मेंढराला काठी लावली.
टक्क.

थोडा वेळ कुणीच काही बोललं नाही.
मग बिराप्पा जो हसला,
त्याची कुत्रीसुद्धा मागं सरली.

चहा घेतला त्यानं, दोनदा.
मग उठून एकेक भोपळा वाजवत गेला,
मेंढराच्या पाठीवर थाप टाकावी तसा.
हे बोलतंय. हे बी बोलतंय. हे मुकं हाय.
तहसीन उसळली. मुकं कसं?
तिनं वाजवला, त्यानं वाजवला,
मलाही वाजवायला लावला.
मला सगळे सारखेच.
अर्धा तास त्या एका भोपळ्यावरून दोघं भांडत होती,
ती सतारीच्या कानानं, तो ढोलाच्या,
आणि चूल विझून गेली.
जाताना म्हणाला, ओढ्यात उतरू नगा, विंचू लई.

सकाळी तीस.

पुन्हा मोजले. तीसच.
वाऱ्यानं ढकलला असेल म्हणून ओढ्यात उतरलो.
वाळू, लेंड्या, सापाची कात,
कुणाच्या तरी हिरव्या बांगडीचा तुकडा.
पलीकडचा वाडा पहाटेच हललेला.
खुरांच्या खुणा दक्षिणेला गेलेल्या
आणि पुढं मुरमात नाहीशा.
तहसीन बराच वेळ तिकडं बघत उभी होती.
नऊ वाजता ओम्नी पहिल्या चावीला लागली,
जणू काही झालंच नव्हतं.

मिरजेत तिच्या अब्बांनी चष्मा कपाळावर चढवून
भोपळे उतरवून घेतले.
‘एक कमी.’

‘मुका होता तो,’ तहसीन म्हणाली.

अब्बांनी हातातला भोपळा खाली ठेवला.
‘कोण म्हणालं?’