हलकं काम

सातव्या महिन्यात तिकिटाचं मशीन जमा करून घेतलं
आणि मला उदगीरच्या स्टँडावर
चौकशीच्या खिडकीत बसवलं.
कागदावर लिहिलंय, हलकं काम.
एक माईक, एक लाल बटण,
एक पंखा, फक्त डावीकडे वळणारा.

बटण दाबलं की आधी खरखर होते.
त्या खरखरीलाच ते जागं होतं.
मी म्हणते, मुखेडमार्गे नांदेडला जाणारी गाडी,
ते बरगडीखाली टाच रोवतं.
मी म्हणते, फलाट क्रमांक चार,
ते कूस बदलतं, सगळंच्या सगळं,
गोधडीखाली मांजर फिरावं तसं.
खाकी डगल्याचं तिसरं बटण उठतं, बसतं.
खिडकीतला माणूस निलंग्याची वेळ विचारून
त्या बटणाकडे बघत राहतो.

नाव नाही अजून त्याला,
पण गावं पाठ झाली असतील:
वाढवणा, हाळी, हंडरगुळी, शिरूर ताजबंद,
पलीकडचं कमालनगर, बीदर.
हंडरगुळीला दोनदा लाथ मारतं.
नवरा म्हणतो, तिथं बैलबाजार भरतो ना, म्हणून.
देगलूरला मात्र गप्प.
देगलूर माझं माहेर.
मी मनाला लावून घेत नाही.

गफूरभाई कंट्रोलर म्हणतात, बिनतिकिटाचा प्रवासी.
रोज म्हणतात.
मी कधी हसते, कधी नाही.

पहिलं शांत होतं.
सासूबाई गल्लीभर सांगायच्या,
गुणी लेकरू, आईला काही त्रास नाही.
मी तेव्हा लातूरच्या गाडीवर होते,
दांडीला पाठ टेकवून सुट्टे पैसे मोजत.
झोपलंय, असंच वाटत होतं
नळेगाव येईपर्यंत.
पुढचं मी लिहीत नाही.

म्हणून कुणी म्हणालं, लईच वळवळ्या दिसतो,
रात्री डोळ्याला डोळा लागू देत नसेल,
तर मी नुसती मान हलवते.
नाचू दे मुताच्या पिशवीवर.
दुखू दे.

आज दुपारी सव्वादोनपासून तीन पस्तीसपर्यंत
काही नाही.
गार पाणी प्याले. गुळाचा खडा खाल्ला.
नर्सबाईंनी सांगितलं होतं तसं
बाकावर डाव्या कुशीला आडवी झाले.
पोट म्हणजे सावलीत ठेवलेला रांजण.
पंखा डावीकडे वळला, तिथंच अडकला.

मग उठून मी बटण दाबलं.
त्या वेळेला कुठलीच गाडी नव्हती.
म्हणाले, प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे,
वाढवणा, हाळी, हंडरगुळी, शिरूर ताजबंद, अहमदपूर,
लोहा, कंधार, जळकोट, औराद,
उलटसुलट, कुठल्याच रस्त्यानं न जोडलेली,
आत्याचं धरणात बुडालेलं गाव, तेसुद्धा.

माणसं उठली. पिशव्या उचलल्या.
एक म्हातारी चारकडे पळाली, मग दोनकडे,
येलाली का रं गाडी, कोन्ची येलाली?
गफूरभाई दारात, हातातला चहा तसाच,
काय करलालीस इंगळे?
मी बोट काढलं नाही.
आवाज चिरकला.
हंडरगुळी, म्हणाले.
हंडरगुळी.

आणि टाच आली. की कोपर.
एक हलकी, अदमास घेतल्यासारखी,
मग दुसरी चांगलीच रागावलेली,
झोपमोड झालेल्या माणसाची.

बटण अजून दाबलेलंच होतं.
सगळ्या स्टँडाला ऐकू गेलं असणार
जे काही माझ्या तोंडून निघालं ते.
रडणं की हसणं,
खरखरीतून काय कळतंय.

म्हातारी खिडकीशी आली, घामानं निथळत.
पोरी, गाडी कुठाय?
मी खिडकीच्या अर्ध्या गोलातून
तिचा हात आत ओढला, पोटावर ठेवला.
ती गप्प राहिली जरा.
तिच्या बांगड्या दोनदा किणकिणल्या,
तिनं हात हलवलेला नसताना.

बरं हाय, म्हणाली.
पन मला अहमदपूरला जायचंय.
ती कवा येलाली?
हात तिनं अजून काढला नव्हता.